बारीक सुईवरचा आत्मा

मेलेली माणसं बोलतात, यात आता कुणाला नवल वाटत नव्हतं. औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती दर रविवारी बोलत, आणि जेवणाची वेळ झाली की गप्प होत. परलोकात शिस्त फार.

जिन्यापासूनच माणसांची रांग लागलेली असे. प्रत्येकाच्या काखेत कापडात गुंडाळलेली ग्रामोफोनची एक जुनी तबकडी. लाखेची, जड, हातातून सुटली की तुकडे होणारी. हॉलमध्ये खुर्च्या दाटीने मांडलेल्या. समोर टेबलावर पांढरी चादर, त्यावर नवाकोरा चकचकीत टर्नटेबल, शेजारी अॅम्प्लिफायर, आणि दोन्ही बाजूंना कंबरेइतके उंच स्पीकर. अॅम्प्लिफायरचा निळा दिवा लागला, की खुर्च्यांमधला खोकलासुद्धा थांबे.

मग नादगुरू येत. पांढरेशुभ्र कपडे, हातात मखमलीचा रुमाल, आणि चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी त्यांना फार महत्त्वाचं काही सांगून गेलंय, पण ते सांगणार नाहीत.

"माणूस जातो, कंप राहतो," गुरू म्हणत. "कंप म्हणजे काय? कंप म्हणजे कंप!"

एवढा खुलासा झाल्यावर माना डोलत.

"लाख कुठून येते? किड्यापासून. किडा म्हणजे जीव. म्हणजे या तबकडीत जीव आहे! प्लास्टिकच्या तबकडीत आहे का जीव? नाही. म्हणून आत्मा प्लास्टिकवर उतरत नाही. लाखेवर उतरतो."

किडे हजारोंनी मरतात तेव्हा कुठे मूठभर लाख मिळते. तेव्हा उतरायचंच झालं तर आधी किड्यांचे आत्मे उतरायला हवेत, असं कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर तो माणूस पुढच्या रविवारी आला नसेल.

गुरूंचा नियम एकच होता. गेलेल्या माणसाने हाताळलेली तबकडी आणायची, आणि आणण्याआधी तिच्या मधोमध चिकटवलेला गाण्याच्या नावाचा कागद न वाचताच कोमट पाण्याने खरवडून काढायचा. "नाव राहिलं, तर गाणारा येतो. नाव पुसलं, की आपला माणूस येतो." तबकडीवर मुळात काय आहे हे कुणालाच कळायला नको, याची ही व्यवस्था इतकी भक्तिभावाने पार पडे, की घरोघरच्या मोऱ्यांत कागदाचे रंगीत लगदे अडकले होते.

त्या रविवारी पहिला नंबर पोस्टमास्तरांचा होता. निवृत्त, विधुर, कडक इस्त्रीचे. गुरूंनी डोळे मिटले, तबकडीला कान लावला.

"वहिनी म्हणताहेत... कपाटात बघा. कपाटात बघा, म्हणताहेत. ऐका आता!"

सुई टेकली. स्पीकरमधून पत्र्यावर वाळू ओतावी तशी खरखर सुटली. त्या खरखरीच्या तळाशी काहीतरी जड, लांबट, घोगरं हलत होतं. आणि खरंच, ‘कपाटात’ असंच काहीसं.

"आलं! आलं ऐकू!" मागून कुणीतरी म्हणालं.

पोस्टमास्तरांनी डोळे पुसले. कपाटात ते गेले दोन महिने बघतच होते. बायकोने घडी घालून ठेवलेले सगळे कपडे आता विस्कटून झाले होते.

शेवटच्या रांगेत एक लेक आपल्या आईशेजारी हाताची घडी घालून बसली होती. तोंडावर हसू होतं, ते जरा जास्तच ताठ. ती इस्पितळात कान तपासायची. दिवसभर लोकांना बंद खोलीत बसवून, कानावर यंत्र चढवून, बारीक बारीक आवाज ऐकवायची. असल्या ठिकाणी ती आली होती ती एकाच कारणाने. आईने डोळ्यांत थेंब घालणं बंद केलं होतं.

आईला काचबिंदू होता. डोळ्यांतला दाब थेंबांनी जेमतेम आवरलेला, आणि दहा दिवसांनी, बुधवारी, शस्त्रक्रिया ठरलेली. नेत्रतज्ज्ञ बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं: या आजारात जेवढी नजर जाते तेवढी गेलीच, ती कुठलाही डॉक्टर परत आणत नाही, आपण फक्त उरलेली राखायची. आणि थेंबांच्या बाटल्या फ्रिजच्या दारात सीलबंद उभ्या होत्या.

"आई, थेंब घातलेस?" तिने सकाळी घरी विचारलं होतं.

"ह्यांनी नको म्हटलंय."

"कुणी?"

"ह्यांनी. तुझ्या वडिलांनी. ऑपरेशनही नको म्हणालेत."

"बाबा जाऊन सहा महिने झाले, आई."

"म्हणून तर. तिकडून जास्त दिसतं."

"तिकडून तुझ्या डोळ्यातला दाब मोजता येतो का?"

"तुला प्रत्येक गोष्टीला मोजपट्टी लागते. बापावर गेलीस." आईने गुरूंनी दिलेली ‘नादित’ पाण्याची बाटली उचलली. स्पीकरसमोर ठेवलेलं पाणी होतं ते. आईने डोकं मागे करून त्याचे दोन थेंब डोळ्यांत सोडले, अगदी नेमाने. औषधाच्या बाबतीत एवढा नेम तिने कधी पाळला नव्हता.

तर त्या रविवारी आईचा नंबर आला. बाबांची तबकडी टेबलावर चढली. गुरू डोळे मिटून डोलले.

"यजमान म्हणताहेत... नको. डोळ्याला हात लावू देऊ नको. आणि आज... आज आणखी कुणाला तरी हाक मारताहेत. बाळ, म्हणताहेत. लेकीला म्हणताहेत. ऐका!"

वाळू ओतली गेली. आणि त्या वाळूतून, खालून, जड आणि थकलेल्या आवाजात लेकीला हाक आली. बाळ.

तिच्या हातांची घडी सुटली.

घरी परतताना आईने लेकीचा हात धरला होता, आणि लेकीने तो धरू दिला होता.

सोमवारी कामावर एक आजोबा तपासणीला आले. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. तिने नेहमीप्रमाणे मध्येच आवाज बंद केला. प्रत्येक तपासणीत अशा रिकाम्या जागा मुद्दाम ठेवाव्या लागतात. काचेपलीकडे आजोबांनी त्या रिकाम्या जागेत बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चेहरा एकाग्र, अगदी प्रामाणिक.

असे बरेच जण दाबतात. खोटं बोलत नसतात ते. वाट पाहत असतात.

काल तिनेही असंच बटण दाबलं होतं. मग आजोबांना म्हणाली, "छान चाललंय. परत एकदा करू या?"

संध्याकाळी तिने बाबांच्या खोलीतलं मशीन उघडलं. बाबा बँकेत नोकरीला होते, आणि घरी आले की फक्त तबकड्यांचे. नव्या मशीनवर जुनी लाखेची तबकडी वाजवायची तर तिची वेगळी, जाड सुई लावायची, हा त्यांच्या घरातला सगळ्यात कडक कायदा. प्लास्टिकच्या तबकडीची रेघ केसासारखी बारीक, तिची सुईही बारीक. लाखेच्या तबकडीची रेघ तिच्या तिप्पट रुंद. त्या रेघेत बारीक सुई टाकली, की ती दोन्ही भिंतींना नीट टेकतच नाही. तळाशी जाऊन पन्नास वर्षांची धूळ खरवडत बसते. "गटारात पडलेला माणूस रस्त्याची काय बातमी देणार?" बाबा म्हणायचे.

बाबांची एक गाण्याची तबकडी चढवून तिने बारीक सुई लावली. मुद्दाम वेगही कमी केला: लाखेची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेते, तिने पंचेचाळीसवर ठेवली. खरखर आली. गाणाऱ्या बाईचा आवाज बाप्यासारखा घोगरा आणि लांबट झाला. इथवर हुबेहूब.

पण गाणं ऐकू येत होतं. घोगरं, लंगडं, तरीही गाणंच. गुरूंच्या हॉलमध्ये तर गाण्याचा मागमूस नव्हता. मग ते जायचं कुठे?

तिला आठवलं, घर बदलल्यावर एकदा बाबांनी एका स्पीकरच्या तारा चुकून उलट्या जोडल्या होत्या, आणि गाणाऱ्याच्या आवाजातला जीवच गेल्यासारखं झालं होतं. ती मशीनच्या मागे गेली. आताच्या सुईतून दोन तारा निघतात, एक डाव्या आवाजाची, एक उजव्या. जुन्या तबकडीला डावं-उजवं नसतं. सुई आडवी हलते आणि दोन्ही तारांतून तंतोतंत एकच गाणं येतं. तिने त्यातली एक तार उलटी केली आणि दोन्ही एकत्र जोडल्या. एक तार म्हणते अधिक पाच, दुसरी म्हणते उणे पाच, बेरीज शून्य. गाणं गाण्यानेच खाल्लं गेलं. धूळ आणि ओरखडे मात्र सुईला खालीवर उडवतात; ते असे खोडले जात नाहीत. ते सगळे उरले. उरली ती पत्र्यावरची वाळू, आणि तिच्या तळाशी घोगऱ्या आवाजाचा एक पुसट डाग.

त्या डागाला जे म्हणाल ते तो म्हणतो. कपाटात म्हणा, कपाटात. नको म्हणा, नको. बाळ म्हणा.

तिला राग आला, तो इथे. बारीक सुई अडाणीपणाने लागू शकते. वेगही अडाणीपणाने चुकतो. पण तारा उलटून गाणं खोडायचं, तर गाणं म्हणजे काय हे चांगलं ठाऊक असावं लागतं.

आईला तिने तारांचं काही सांगितलं नाही. हे सगळं थोतांड आहे, एवढं सांगून झालं होतं.

त्या मधल्या दिवसांत एकाच गोष्टीची भीती होती: बुधवार. शस्त्रक्रियेची ही तारीख हुकली, तर पुढची कधी मिळेल सांगता येत नव्हतं, आणि तोवर थेंब नाहीत.

रविवारी गुरूंनी लेकीला पाहून हात जोडले. कुणाकडून तरी त्यांना तिच्या कामाचा पत्ता लागला होता. "या, डॉक्टरीणबाई, पुढे बसा! विज्ञान आपणहून आलंय आज. विज्ञानाने तपासावं, आम्ही उघडे आहोत!"

"मग तपासते," ती म्हणाली. "गुरुजी, आज आईच्या वेळी एक करा. बाबा काय म्हणणार, ते आधी सांगू नका. आम्ही आमचं ऐकू."

गुरूंनी मखमलीचा रुमाल झटकला. "आत्म्याला ओळख करून द्यावी लागते, ताई."

"तीस वर्षांचा संसार केलाय त्यांनी माझ्या आईबरोबर. ओळख आहे."

खुर्च्यांमधून हसू फुटलं. पोस्टमास्तर म्हणाले, "होऊ द्या की, गुरुजी."

तबकडी लागली. खरखर झाली. थांबली. लेक एकेकाजवळ गेली, कान पुढे केला, आणि सगळ्यांचं ऐकून झाल्यावर जे ज्याने सांगितलं ते मोठ्याने म्हणून दाखवलं. पोस्टमास्तरांना ‘पाकिटात’ ऐकू आलं. शेजारच्या शिंपीणकाकूंना ‘मामा कुठे’. खिडकीतल्या माणसाला ‘लोखंड’. आईला, ‘नको’.

"सगळे वेगळे!" लेक म्हणाली.

"अर्थात!" गुरू उठून उभे राहिले, दोन्ही हात वर. "आत्मा प्रत्येकाशी वेगळं बोलतो! एकाच खरखरीतून चार निरोप! पाहिलंत? विज्ञानाने स्वतःच्या तोंडाने सिद्ध केलं!"

टाळ्या पडल्या. भरपूर पडल्या. शिंपीणकाकू तर म्हणाल्या, "माझे मामा गेले त्याला वर्ष झालं हो!" आणि रडायलाच लागल्या.

लेक टेबलाशी उभी राहिली. कान गरम झाले होते. पुराव्याने भरलेली ओंजळ लोकांसमोर धरावी, आणि त्यांनी त्यातलं तीर्थ म्हणून प्यावं, तसं झालं होतं. तिने आईकडे पाहिलं. आई विजयी दिसत नव्हती. आईच्या चेहऱ्यावर फक्त तहान होती. दर रविवारी इथे यायचं, आणि एक पुसट शब्द घेऊन घरी जायचं.

मग तिने गुरूंशी बोलणं सोडलं.

"आई," ती म्हणाली, "बाबा तुला असेच ऐकायचेत, की स्पष्ट?"

माना आईकडे वळल्या.

"स्पष्ट होतात?" आईने विचारलं.

"बाबांची जाड सुई आणलीय मी. लाखेच्या तबकडीची. लावली की स्पष्ट येतं, जे असेल ते."

"नाही नाही नाही," गुरू मध्ये आले. "अतिस्पष्ट नाद मर्त्य कानाला सोसत नाही. कान जळतात!"

आई उठली. "जळू देत."

"माउली, समजून घ्या..."

"गुरुजी, मला त्यांचा आवाज हवाय. तुम्ही म्हणता ते यात आहेत. आहेत ना? मग सुई बदलल्याने जातील कुठे?"

मर्त्य माणसाने विचारलेला इतका सरळ प्रश्न गुरूंनी बऱ्याच दिवसांत ऐकला नसावा. ते मशीनकडे धावले, तर वाटेत शिंपीणकाकू. "थांबा हो. मामा मलाही स्पष्ट हवेत." काकूंचा देह भरभक्कम होता आणि टेबल नि भिंत यांतली जागा अरुंद.

लेकीने जुनी सुई काढून जाड सुई बसवली. मागे हात घालून एकत्र बांधलेल्या दोन तारा ओढल्या, सुट्या करून सरळ जोडल्या. वेगाच्या बटणांपैकी एकावर सोनेरी चांदणी चिकटवलेली होती. शोभेची असावी असं सगळ्यांना इतके दिवस वाटत होतं. तिने ती नखाने उचकटली. खाली आकडा होता: अठ्ठ्याहत्तर. तिने ते बटण दाबलं.

सुई टेकली.

"आणि एक! टाचा वर! आणि दोन! टाचा खाली! पोट आत, भगिनींनो, पोट आत! कोपर वाकवू नका! वाकवू नका म्हणते ना!"

ठणठणीत, सणसणीत, आनंदी बाईचा आवाज. मागे कुणीतरी पेटी बडवत होतं. व्यायामाची तबकडी.

कुणीच हललं नाही. खिडकीतल्या माणसाने तेवढं पोट आत घेतलं.

"हा तो ‘नको’," लेक म्हणाली. "कोपर वाकवू नका. गुरुजींनी त्याचं डोळ्याचं ऑपरेशन केलं."

आणि मग आई हसली. आधी नाकातून, मग खांदे हलले, मग पदराने तोंड दाबूनही आवाज फुटला. "अगं, ही बाई! लग्न झालं त्या वर्षी जुन्या बाजारातून आणली होती ह्यांनी. रोज सकाळी लावायचे. स्वतः कधी बोट हलवलं नाही. खुर्चीत बसून चहा प्यायचे, आणि मला म्हणायचे, ‘ती म्हणतेय ते कर, तिला राग येतो.’"

हसता हसता ती केव्हा रडायला लागली, ते शेजारच्यांनाही कळलं नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला नवरा भेटला होता, आणि त्या तबकडीत तो एक शब्दही बोलत नव्हता.

लेकीने मग खुर्च्यांकडे वळून सगळं सांगितलं. सुई, वेग, उलटी तार, पाच उणे पाच. उलटी तार पुन्हा जोडून दाखवली: व्यायामाची बाई खरखरीत बुडाली. सरळ केली: टाचा वर. कागद खरवडायला का लावत, हे सांगावं लागलं नाही. गुरू म्हणाले, आज खोलीत अविश्वासाचे कंप फार आहेत. कुणी तरी म्हणालं, "कंप म्हणजे काय?" आणि या वेळी उत्तराची वाट न पाहता हसलं.

"मास्तर, तुमची लावू का?" तिने विचारलं.

पोस्टमास्तरांनी तबकडी छातीशी धरली. "नको, ताई," ते म्हणाले. "मला पुसटच असू दे." आणि जिना उतरून गेले. तिने त्यांना थांबवलं नाही.

घरी जाताना आई म्हणाली, "हे तू मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं, आई."

"सांगितलं नव्हतंस. हिणवलं होतंस."

घरी पोचताच लेकीने फ्रिजमधली बाटली काढली, सील तोडलं, आणि आईने डोकं मागे केलं.

बुधवारी शस्त्रक्रिया झाली. नीट झाली. पण नेत्रतज्ज्ञ बाईंनी नंतर तपासून सांगितलं, की थेंब बंद असलेल्या त्या आठवड्यांत दाब वाढला होता, आणि डाव्या डोळ्याच्या नजरेची बाहेरची कड गेली आहे. उरलेलं राहील. कड येणार नाही. आता आईचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागतो, आणि ती चौकटीलाच "सरक गं" म्हणते.

परवा शिंपीणकाकूंचा फोन आला. नादगुरू गावाच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा सुरू झालेत म्हणे. आता जाड सुई ठेवतात. अगदी शास्त्रशुद्ध. मामांसाठी एकदा जाऊन यावं का, असं काकू विचारत होत्या.

आईने फोन उजव्या कानाला नीट लावला.

"जा की काकू. मी कोण नको म्हणणार? मामांची आठवण येते, त्यात चूक काहीच नाही. मलाही ह्यांची येते, दिवसातून दहादा येते. फक्त ऐकायच्या आधी काय ऐकू येणार, ते त्याला सांगू देऊ नका. आणि जे ऐकू येईल ते स्पष्ट करून मागा. कचरला, टाळाटाळ केली, कान जळतील म्हणाला, की उठून या. आणि काकू, औषध कसलंही चालू असेल, ते त्याच्या सांगण्यावरून थांबवू नका. माझ्या डोळ्याची कड गेली ती त्या ऐकण्यात गेली. परत येत नाही ती. मी डॉक्टरांना विचारलंय. दोनदा विचारलंय."